पाकाचा रंग

गुरुवारी सकाळी केरबाआण्णा म्हणाले,
"पोरी, तुझा झगा पिवळा पडलाय की."
मी हसले. म्हटलं, वसतिगृहात पाणी बोअरचं आहे,
निळीचा काही उपयोग होत नाही.
आणि पांढरी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली,
ग्लास दिला,
तक्त्यावर सही केली. आठ वाजता.

बरोबर माणूस, मनगटावरची पट्टी वाचली होती.
बरोबर औषध, डिगॉक्सिन, पाकिटावरचं नाव तीनदा.
बरोबर मात्रा, बरोबर वाट, बरोबर वेळ.
पाची बोटं मोजून झाली होती.
नाडीही धरली होती, पंधरा सेकंद गुणिले चार,
कारण ट्रॉली पुढं ढकलायची होती
आणि बाविसाव्या खाटेचं सलाईन संपत आलं होतं.
सोळा. म्हणजे चौसष्ट. चालतंय.

केरबा खाडे, वय एकाहत्तर, कुडित्र्याचा गुळव्या.
पन्नास हंगाम काहिलीसमोर,
हाताशी घड्याळ नाही, थर्मामीटर नाही,
पाक कधी उतरवायचा ते डोळ्यांनीच ठरवायचं.
"जरा उशीर झाला की गूळ काळा,
सौद्यात त्याला कुत्रं विचारत न्हाई."
असा माणूस पिवळा म्हणाला
आणि मी निळीबद्दल बोलले.

शुक्रवारी ताट तसंच परत.
गंगावेशीतून मुलानं आणलेलं दूध
स्टुलावर साय धरत होतं.
"मळमळतंय. आन् दिव्याभवती बघ, कडं पडलंय.
भिंत बी पिवळी. काकवीगत न्हवं, काकवी तांबडी.
ह्यो कच्चा पिवळा. पाक अजून यायचाय."

माझ्या हातात गोळी.
मुजावर सिस्टर ऑफिसात रजिस्टर भरत होत्या.
सांगायचं एवढंच की कुणी हाक मारली नाही,
मीच थांबले,
कारण वहीत एक ओळ होती,
पेपरला येईल म्हणून दोनदा अधोरेखित केलेली:
पिवळसर दृष्टी, मळमळ, भूक मंदावणे, नाडी संथ.
पेपरला ती आली नव्हती.

स्टेथोस्कोप छातीवर. पूर्ण मिनिट.
खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा सुरू करत होता,
सुरू होत नव्हती.
सत्तेचाळीस.
मध्ये दोनदा पायरी गाळलेली.

गोळी परत वाटीत.
मग सिस्टर, डॉक्टर, ईसीजीच्या तारा,
रक्तात पोटॅशियम कमी,
पायांची सूज उतरवणारी पाण्याची गोळी
जाताना तेही घेऊन गेली होती.
मुलानं घरची चिठ्ठी खिशातून काढली, घामानं मऊ झालेली.
आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी.
आण्णांनी दोन महिने सुट्टी घेतलीच नव्हती.
"गुऱ्हाळाला कुठं ऐतवार असतोय?"

दुपारी सिस्टरना सांगितलं,
कालची मी दिली. त्यांनी कालही सांगितलं होतं.
मला वाटलं आता बोलतील.
त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला,
पेन माझ्याकडं सरकवलं.
"वेळ घाल. आणि तुझ्या पुस्तकातलं नको,
ते जे बोलले तेच लिही."
मी लिहिलं: रुग्ण म्हणाला, झगा पिवळा पडलाय की.
'की' खोडावा का, पेन तिथं थोडं अडलं.
राहू दिला.

आता नाडीला मी पूर्ण मिनिट देते.
ट्रॉली थांबते. मागून कुणीतरी ओरडतंच.
मंगळवारी आण्णा भाकरी खात होते, दुधात कुस्करून.
मी खाटेसमोर उभी राहिले, झगा जरा ताणून धरला.
"आण्णा, आज कसा दिसतोय?"
त्यांनी डोळे बारीक केले,
काहिलीकडं बघावं तसं बराच वेळ बघितलं.
"पांढरा म्हणवत न्हाई बाई.
मळलाय. नीळ घाल जरा."